आवाज आपला, परवाना कुणाचा?



गेल्या महिन्यात सदरमधल्या आमच्या खोलीत एक बैठक झाली. विदर्भातल्या दोन-तीन गटांच्या मनात सामुदायिक रेडिओ केंद्र काढायचे आहे. अर्ज कुठे करायचा, मनोरा किती उंच लागतो, मशीन बिघडले तर दुरुस्तीला कुणाला बोलवायचे, अशा गोष्टींवर दोन तास बोलणे चालले होते. चहा झाला, आणि मंगळवारी बाजारात भाजी विकणारी आमची एक सभासद म्हणाली, ''समजा सगळं नीट जमलं. लोकं ऐकायला लागली. मग कुणी ते इकून टाकलं तर?''

काही जणी हसल्या. बाळ जन्मायच्या आधीच बारशाची नाही तर वाटणीची चर्चा! पण बाजारात बसणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चालत नसलेल्या जागेवर कुणी डोळा ठेवत नाही. गिऱ्हाईक वळायला लागले की मगच शेजारी कोण येऊन बसतो ते कळते. पडीक रेडिओ केंद्र विकत घ्यायला कुणी येणार नाही, चालणाऱ्यासाठी येतील. म्हणून या वेळचे संपादकीय तिच्या प्रश्नावर लिहीत आहे.

आपल्या नागपुरात चालते रेडिओ केंद्र एकदा हातोहात गेलेले आहे. रेडिओ सिटी हे नाव तुम्ही रिक्षात, सलूनमध्ये, कपड्यांच्या दुकानात ऐकले असेल. ३ जुलै २००१ रोजी बंगळुरूला देशातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले ते याच नावाचे. चालवणारी कंपनी म्युझिक ब्रॉडकास्ट. पुढे परवान्यांच्या दुसऱ्या फेरीत तिची केंद्रे वाढून वीस झाली. त्यांतली मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर, सांगली, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), अकोला, नांदेड आणि जळगाव ही नऊ आपल्या महाराष्ट्रातली. डिसेंबर २०१४ मध्ये कानपूरच्या 'दैनिक जागरण'वाल्या जागरण प्रकाशनाने ही कंपनी घेणार असे जाहीर केले आणि २०१५ साली व्यवहार पुरा झाला. वीस शहरांतली वीस केंद्रे एका सहीने एका घरातून दुसऱ्या घरात गेली. मार्च २०१७ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले, म्हणजे आता तिचा तुकडा कुणालाही विकत घेता येतो.

यात बेकायदा काही नव्हते. मला लक्ष वेधायचे आहे ते व्यवहाराच्या रीतीकडे. रेडिओचा परवाना भाजीच्या पाटीसारखा या हातातून त्या हातात देता येत नाही, तो सरकारने ज्या नावाने दिला त्याच नावावर राहतो. इथेही तो म्युझिक ब्रॉडकास्टच्याच नावावर राहिला. बदलली ती त्या कंपनीच्या मागची मालकी. गावाकडच्या भाषेत सांगायचे तर सातबारा जागचा हलला नाही, ज्या सोसायटीच्या नावे तो होता ती सोसायटीच दुसऱ्याने घेतली. ऐकणाऱ्याला काय कळणार? सकाळी तोच निवेदक, तीच गाणी, तेच विनोद. विचारायचे तर कुणाला आणि कशाला? श्रोता त्या व्यवहारात पक्षकार नव्हताच. तो विकल्या जाणाऱ्या मालातला एक भाग होता, कारण खासगी केंद्राची किंमत ठरते ती ऐकणाऱ्या कानांवर, आणि दुपारी घरात रेडिओ लावून काम करणारे कान कुणाचे असतात ते तुम्हाला-मला सांगायला नको.

कुणी म्हणेल, ते धंद्याचे केंद्र होते, धंद्यासारखे गेले. चळवळीचा काय संबंध? पण धंद्याच्या हेतूने न काढलेल्या गोष्टीही अशाच जातात. आपल्याच शहरातला 'हितवाद' १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने काढला. समाजसेवेला आयुष्य वाहिलेल्या माणसांचे ते पत्र पुढे खासगी मालकीत गेले. ते चांगले झाले की वाईट, हा वाद इथे घालत नाही. पत्र चालू आहे, लोक वाचतात. मात्र काढणाऱ्यांचा हेतू शुद्ध असला म्हणून गोष्ट त्यांच्याच वाटेने जाते, हा समज सोडून द्यायला तेवढे उदाहरण पुरे.

या प्रश्नाची दुसरी बाजू एका मराठी न्यायमूर्तींनी लिहून ठेवली आहे. १९९३ साली कोलकात्यात हीरो कप क्रिकेट स्पर्धेचे प्रक्षेपण कुणी करायचे यावरून दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यात भांडण जुंपले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल आला आणि त्यातले मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. वेगळे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी हेही बजावले की सरकारची मक्तेदारी काढून ती खासगी हातांत सोपवणे हा काही त्यावरचा उतारा नव्हे. क्रिकेटच्या भांडणातून बायकांच्या कामाची गोष्ट निघाली ती अशी. (पुरुषांच्या खेळातून आपल्याला एवढे तरी मिळाले.)

निकाल लागला तरी सरकारने हवा पहिल्यांदा लिलावात काढली. १९९९-२००० च्या लिलावात मुंबईच्या एका परवान्याची वर्षाची फी पावणेदहा कोटी रुपयांवर गेली. सामान्यांच्या संस्थांना दार उघडायला २००६ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर २००२ च्या धोरणाने फक्त शिक्षणसंस्थांना मुभा होती.

या मधल्या काळात काय झाले ते आपल्या सीमेपासून फार लांब नसलेल्या पस्तापूरच्या बायकांनी अनुभवले. हे गाव तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, झहीराबादजवळ. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गावोगावच्या संघांतल्या या बायका बहुतेक दलित, बहुतेक शेतमजूर किंवा एक-दोन एकरांच्या शेतकरी. युनेस्कोच्या मदतीने १९९८ च्या सुमाराला माचनूर गावी त्यांचे रेडिओचे घर आणि मनोरा उभा राहिला. परवानगी नव्हती. मग दहा वर्षे त्यांनी कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले आणि कॅसेट संघांच्या बैठकीत नेऊन ऐकवल्या. बियाणे कसे राखायचे, बाळंतपणात काय खायचे, सणाची गाणी, सावकाराचे हिशेब. १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचा संघम रेडिओ हवेत गेला. उद्घाटनाला आले होते न्यायमूर्ती सावंत. दोघी मुली, दोघींचे नाव नरसम्मा, केंद्र सांभाळायला बसल्या. ज्याने निकाल लिहिला त्यानेच तेरा वर्षांनी येऊन तो निकाल खरा होताना पाहावा, असे योग आपल्या न्यायव्यवस्थेत थोडे.

त्याच वर्षी आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. माणदेशी महिला बँकेची गोष्ट तुम्ही जाणता. संस्थापक सभासद निरक्षर म्हणून बँकेची परवानगी पहिल्यांदा नाकारली गेली. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला आणि १९९७ साली बँक उभी केली. त्याच परिसरातून हा रेडिओ आला. माण तालुका म्हणजे दुष्काळ. तिथे जनावरांची छावणी, टँकर, बाजारभाव, कर्जाचा हप्ता आणि ओवी हे सगळे एकाच केंद्रावरून ऐकू येते. म्हसवडच्या बाईला मुंबईची वाहतूक कोंडी ऐकवून काय उपयोग?

आता कायद्याकडे येऊ. सामुदायिक रेडिओची परवानगी ना-नफा संस्थेला मिळते आणि ती दुसऱ्याला देता येत नाही. केंद्र छोटे: शंभर वॅटपर्यंत शक्ती, तीस मीटरपर्यंत मनोरा, म्हणजे आजूबाजूची काही गावे. तेव्हा बैठकीतल्या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर असे की बाई, काळजी करू नका, सामुदायिक केंद्र विकताच येत नाही.

हे उत्तर मला पुरे वाटत नाही. रेडिओ सिटीचा परवानाही कुणी विकला नव्हता, हे वर सांगितलेच. आपल्या केंद्राचा परवाना संस्थेच्या नावावर असेल. संस्था चालवते विश्वस्त मंडळ. मंडळात सात जण आहेत असे धरा. दोघी थकल्या, एक वारली, एकीच्या जागी तिचा मुलगा आला, एक सल्लागार म्हणून आलेले गृहस्थ विश्वस्त झाले. मग एखादी श्रीमंत संस्था म्हणते, सगळा खर्च आम्ही उचलतो, नवे यंत्र देतो, पगार देतो. मंडळावर फक्त आमची चार माणसे घ्या. कुठेही 'विक्री' हा शब्द येत नाही. परवाना जागेवर, पाटी जागेवर, मनोरा जागेवर. दोन वर्षांत दारूबंदीचा कार्यक्रम बंद होतो, कारण देणगीदाराला तो 'नकारात्मक' वाटतो. नवऱ्याने मारल्यावर कुठे जायचे ते सांगणारा कार्यक्रम रात्री उशिरा ढकलला जातो. हळदीकुंकवाच्या स्पर्धेला मात्र भरपूर वेळ मिळतो.

आपल्याकडच्या कायद्याने याला आडकाठी होते का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० (त्याचे जुने नाव मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम) याचे कलम ३६ आपल्यापैकी अनेकींनी वाचले असेल. न्यासाची जमीन किंवा इमारत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. पण ते कलम स्थावर मिळकतीचे आहे. रेडिओ केंद्रातली स्थावर मिळकत ती काय? एक खोली, बहुधा भाड्याची किंवा ग्रामपंचायतीची. ज्याला किंमत आहे ते सगळे जंगम किंवा हवेतले: यंत्र, ध्वनिमुद्रणे, परवानगी, लोकांचा विश्वास. आणि विश्वस्त बदलले तर कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो बदल रीतसर झाला का एवढे तिथे तपासले जाते. नवे विश्वस्त कुणाचे हित सांभाळायला आले, हे धर्मादाय कार्यालय विचारत नाही, ते त्याचे कामही नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात संस्था मोडायची असेल तर तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते आणि उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही. चांगली तरतूद आहे. पण संस्था मोडायचीच नसते ना! ती तशीच ठेवून आत दुसरी माणसे बसवायची असतात.

या ठिकाणी केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित नियमांचा उल्लेख करायला हवा. सामुदायिक केंद्राच्या सल्लागार आणि कार्यक्रम समितीत निम्म्या तरी बायका असल्याच पाहिजेत, असे त्यांत आहे. या गोष्टीचे मी मनापासून स्वागत करते. त्याच नियमांनी जाहिरातीची मर्यादा तासाला बारा मिनिटांवर नेली, सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना चौऱ्याहत्तर रुपये केला आणि अनेक जिल्ह्यांत काम करणाऱ्या एका संस्थेला सहापर्यंत केंद्रे काढण्याची मुभा दिली. केंद्र जगायला पैसा लागतो, म्हणून जाहिरातीबद्दल माझी तक्रार नाही. पण बघा, निम्म्या बायका बसवल्या त्या समितीत, जी कोणता कार्यक्रम लावायचा ते सांगते. केंद्र कुणाच्या हातात राहील हे ठरते विश्वस्त मंडळात, तिथे निम्म्यांची अट नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीत आपल्या बायका निवडून गेल्या आणि खुर्चीमागे नवरा उभा राहिला, तो अनुभव विसरलेल्या नसाल. आणि सहा केंद्रांची मुभा म्हणजे बड्या संस्थेने छोट्या संस्थेला पोटात घेण्याचे आमंत्रण ठरू नये, एवढे पाहायला हवे.

मी हे सारे भीती घालायला लिहीत नाही. अशी गोष्ट एका नावाजलेल्या केंद्रात उघडपणे घडली आहे, आणि तेही पुरोगामी माणसांच्या हातून. म्हणून ती सविस्तर सांगते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १५ एप्रिल १९४९ रोजी केपीएफए नावाचे केंद्र सुरू झाले. काढणारा लुइस हिल हा दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिलेला शांततावादी. जाहिराती घ्यायच्या नाहीत, ऐकणाऱ्यांनी वर्गणी द्यायची आणि त्यावर केंद्र चालवायचे, अशी त्याची कल्पना. त्या काळी लोक हसले असतील. पण केंद्र चालले, वाढले. नागरी हक्कांची चळवळ, व्हिएतनाम युद्धाला विरोध, स्त्रीमुक्ती, सगळ्यांना तिथे जागा मिळाली. परवाना होता पॅसिफिका नावाच्या प्रतिष्ठानाकडे, ज्याची पुढे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, वॉशिंग्टन धरून पाच केंद्रे झाली.

फेब्रुवारी १९९९ मध्ये पॅसिफिकाच्या राष्ट्रीय मंडळाने आपले नियम बदलले. तोवर प्रत्येक केंद्राचे स्थानिक सल्लागार मंडळ आपले प्रतिनिधी राष्ट्रीय मंडळावर पाठवत असे. आता मंडळच आपले सभासद निवडणार. सरकारी अनुदानाच्या अटीसाठी हे करावे लागते, असे कारण दिले गेले. त्या बैठकीची बातमी फारशी कुणी मनावर घेतली नसावी. नियमांतला बदल म्हणजे कंटाळवाणी गोष्ट. मार्चअखेर केपीएफएच्या लोकप्रिय व्यवस्थापक निकोल सवाया यांचा करार वाढवला नाही. हवेवर त्याबद्दल बोलायला मनाई झाली. जे बोलले त्यांच्यावर कारवाई झाली. जुलैत मंडळाच्या एका सभासदाने अध्यक्षांना लिहिलेले पत्र चुकून बाहेरच्या माणसांच्या हाती पडले. हा सभासद ह्यूस्टनचा, जमीनजुमल्याच्या व्यवसायातला. पत्रात बर्कलीचे किंवा न्यूयॉर्कचे केंद्र विकण्याचा विचार मांडला होता. पन्नास वर्षे लोकांनी वर्गणी देऊन जे केंद्र जगवले, त्याची लहर बाजारात कोट्यवधी डॉलरची झाली होती. केंद्र यशस्वी नसते तर हे पत्र लिहायचे कुणाच्या मनातही आले नसते.

१३ जुलै १९९९ च्या संध्याकाळी निवेदक डेनिस बर्नस्टाइन यांनी त्या पत्राविषयीचे ध्वनिमुद्रण हवेवर लावले. त्यांना स्टुडिओतून बाहेर काढायला पहारेकरी आले आणि ती झटापट श्रोत्यांनी घरी बसून ऐकली. रात्रीपर्यंत माणसे केंद्राबाहेर जमली, पन्नासच्या आसपास अटका झाल्या. केंद्राला कुलूप लागले, आतून जुन्या टेप वाजत राहिल्या. ३१ जुलैला बर्कलीच्या रस्त्यांवर दहा हजारांच्या घरात लोक चालले, एका रेडिओ केंद्रासाठी. विक्री झाली नाही. श्रोते कोर्टात गेले, डिसेंबर २००१ मध्ये तडजोड झाली, आणि २००३ च्या नव्या घटनेप्रमाणे वर्गणीदार श्रोते व कर्मचारी मिळून प्रत्येक केंद्राचे मंडळ निवडू लागले.

त्या वेळी पॅसिफिकाच्या अध्यक्ष होत्या मेरी फ्रान्सिस बेरी. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्याही त्या अध्यक्ष होत्या. काळी स्त्री, नामवंत इतिहासकार, चळवळीत वय गेलेले. केंद्र विकायचे नाही असे त्यांनी जाहीरही केले. श्रोत्यांना एकाच रंगाच्या, एकाच पिढीच्या लोकांपलीकडे वाढवले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते असे मला वाटते. पण लोकांना न विचारता, वरून, पहारेकरी उभे करून ते करायचे, ही रीत आपण घराघरांत पाहिलेली आहे: 'तुमच्याच भल्यासाठी'. अध्यक्षपदी बाई बसली म्हणजे निर्णयप्रक्रिया बायकांची होते, असे समजणाऱ्या मैत्रिणींनी ही गोष्ट एकदा नीट वाचावी.

पुढे तिथे रामराज्य आले का? नाही. निवडणुकांचा खर्च, गटबाजी, मनोऱ्याच्या भाड्याचे थकलेले पैसे आणि त्यावरून कोर्टकचेरी, सगळे झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क केंद्राचे स्थानिक कार्यक्रम प्रतिष्ठानाने एका दिवसात बंद केले आणि न्यायालयात जाऊन ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू करावे लागले. लोकशाही महाग पडते, वेळखाऊ असते, तिच्यात भांडणे होतात. आपल्या बचतगटांच्या बैठका आठवा.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मालक न मिळाल्यामुळेही केंद्रे मेली आहेत. मुंबईत २००२ साली सुरू झालेले विन ९४.६ हे केंद्र दरवर्षी वाढणाऱ्या फीच्या ओझ्याखाली २००५ मध्ये बंद पडले. बिग एफएम चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली आणि २०२४ साली न्यायाधिकरणाने नव्या मालकाच्या योजनेला मान्यता दिली. तिथे काम करणाऱ्यांना विचारा, विक्री बरी की कुलूप? त्यांचे उत्तर मला अंदाजाने कळते. सामुदायिक केंद्रांनाही पैशाचा चटका आहे. २०१२ साली त्यांचे वार्षिक लहर-शुल्क १९,७०० रुपयांवरून एकदम ९१,००० वर नेले होते. ओरड झाली तेव्हा ते मागे घेतले गेले. त्या वेळी एखाद्या दमलेल्या संस्थेने श्रीमंत भागीदार धरला असता तर तिला दोष देताना माझी जीभ अडखळली असती. तेव्हा केंद्राने कधीच कुणाचा हात धरू नये असे मी म्हणत नाही. हात धरायचा की नाही हे ज्यांचा आवाज आहे त्यांनी ठरवावे.

आणि इथे आपल्या चळवळीची एक अवघड जागा लागते. आपल्या बहुतेक संस्था एका बाईच्या जिवावर उभ्या असतात. ती असते तोवर कशाची भीती नसते. तिच्याकडे बघून देणगी येते, तिच्या शब्दावर अधिकारी फोन उचलतो, गावात तिला 'ताई' म्हणतात आणि केंद्रालाही 'ताईंचे केंद्र' म्हणतात. मग तिचे वय होते. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संस्थापकांपैकी पी. व्ही. सतीश २०२३ साली गेले. अशी वेळ प्रत्येक संस्थेवर येते. 'ताईंचे केंद्र' या शब्दातच मालकी दडलेली आहे, प्रेमाने दिलेली असली तरी. ताईंनंतर कोण, हे विचारणे अशुभ मानले जाते, म्हणून ते लिहून ठेवले जात नाही, आणि मग ते ठरवतात तेरावा घालायला जमलेले नातेवाईक.

संस्थेची घटना लिहिताना म्हणूनच काही गोष्टी घासाघीस करून घातल्या पाहिजेत असे माझे मत आहे. रेडिओच्या पंचक्रोशीतल्या बायकांना वर्षाला दहा-वीस रुपये वर्गणी घेऊन मतदार सभासद करावे. ऐकणारी आणि मत देणारी एकच असावी. विश्वस्तांपैकी बहुसंख्य या सभासदांनी निवडलेले असावेत, मुदतीने, आणि एका घरातले दोन नकोत. परवानगी सोडणे, संस्था दुसरीत विलीन करणे, चालवायला बाहेरच्यांना देणे, किंवा एकाच देणगीदाराकडून निम्म्याहून जास्त खर्च घेणे, यांतले काहीही करायचे तर गावागावांत सभा घेऊन, आधी केंद्रावरून सांगून, तीन-चतुर्थांशांची संमती लागावी. आणि हे कलम बदलायलाही तेवढीच संमती लागावी, नाही तर बर्कलीसारखे होईल: आधी नियम बदलायचा, मग केंद्र. मसुदा वकिलाला जरूर दाखवा, पण वकिलाकडून लिहून आणू नका.

ध्वनिमुद्रणांचे काय, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. केंद्र दहा वर्षे चालले की हजारो तासांचे आवाज जमा होतात. म्हातारीची ओवी, टाकून दिलेल्या बाईची कहाणी, नाव न सांगता केलेला फोन. हे सारे एका हार्ड डिस्कवर असते आणि ती संस्थेची जंगम मालमत्ता ठरते, टेबल-खुर्चीसारखी. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या तेव्हा ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव लिहून ठेवले. २०१७ पासून त्या सर्वांना ऐकायला खुल्या झाल्या, त्या नावांसकट. आपल्या केंद्रातही पहिल्या दिवसापासून नोंदवही हवी: कोण बोलली, कुठे वापरायला तिची संमती आहे, कुठे नाही, आणि केंद्र दुसऱ्याच्या हातात गेले तर तिचे ध्वनिमुद्रण तिला परत हवे की पुसून टाकायला हवे. मारहाणीबद्दल विश्वासाने बोललेल्या बाईचा आवाज उद्याच्या अनोळखी व्यवस्थापकाच्या कपाटात पडून राहू नये.

बैठकीत यावर एकमत झाले नाही, हेही सांगते. एका गटाचे म्हणणे असे की इतक्या अटी घातल्या तर कुणी पैसेच देणार नाही, आणि दहा-वीस रुपयांच्या वर्गणीचा हिशेब ठेवण्यातच केंद्राची शक्ती जाईल. दुसरीचे म्हणणे, सभासद हजारो झाले की निवडणुकीत पक्षाची माणसे घुसतील, तेव्हा आपल्या ओळखीच्या सात जणीच बऱ्या. दोन्ही शंका खऱ्या आहेत. मी माझ्या बाजूने वर लिहिले, पण त्या दोघींचे म्हणणे पुढच्या अंकात त्यांच्याच शब्दांत देणार आहोत.

तोवर एक काम करा. तुमच्या संस्थेची घटना कपाटातून काढा (कपाटाची किल्ली कुणाकडे असते तेही बघा). विश्वस्त कसे निवडले जातात, किती वर्षांसाठी, त्यांना काढायचे कसे, आणि संस्थेचे काम दुसऱ्याला सोपवायला कुणाची संमती लागते, ही कलमे एका कागदावर उतरवून आम्हाला पाठवा. तुमचे रेडिओ केंद्र असो वा नसो. पाळणाघर, बँक, वसतिगृह, मासिक, काहीही चालेल. आलेली कलमे शेजारी शेजारी मांडून, नावे न देता, छापू.